गुलनाजचा डफ आणि दुधाची रांग

मित्रांनो, मी एक जुना डफ हाय. जन्म इराणातला, पण बोली काटेवाडीची. सात वर्सं छबूबाईच्या पडवीत गाईच्या हंबरण्यात काढल्यावर फारसी कुठवर टिकणार?

एका डोंगरी गावात म्हाताऱ्या कारागिरानं लाकूड वाकवून माझं गोल कडं केलं, त्यावर बकरीचं कातडं ताणलं आणि आतल्या अंगाला लोखंडी कड्या अडकवल्या. ती बकरी लई मानी व्हती म्हणं. तिनं एका लांडग्याला शिंगावर घेऊन तीन डोंगर पळवला व्हता. खोटं वाटत असंल तर लांडग्याला इचारा.

नऊ वर्सांच्या गुलनाजला तिच्या बापानं मला घेऊन दिलं. पोरगी पुढं गाणारीण झाली. गळा असा, की रस्त्यावरचं गाढवबी वझं इसरून उभं राहायचं. टॅक्सीवाले तिची गाणी लावायचे, पण काचा वर करून. कारण तिकडं नेम असा, की बाईनं पुरुषांपुढं एकटीनं गायचं न्हाय. गायचंच असंल तर संगट गडी उभे करा आणि त्यांच्या आवाजात आपला आवाज बुडवा.

शिवाय गाण्याचे शब्द आधी कचेरीत दाखवायचे. एकदा तिनं वीस ओळी नेल्या. सायबानं ‘ओठ’ खोडले, ‘केस’ खोडले, ‘मिठी’ तर कागद फाटंस्तवर खोडली. मागं उरलं ते नुसतं ‘आणि’, ‘पण’, ‘तरीबी’. गुलनाजनं तेवढ्यालाच चाल लावली! लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं, कारण गाळलेल्या जागा ज्यानं त्यानं आपापल्या मनानं भरल्या.

टीव्हीवर तर वाद्य दिसायलाच बंदी. तिला चार गड्यांच्या मागं बसवली आणि माझ्यापुढं ठिवली फुलदाणी. अर्धा तास मी घाम गाळला, आणि लोकांनी बघितली फुलं.

मग एका लग्नात ती एकटी गायली. कुणीतरी मोबाइलवर ते धरलं, गावभर झालं आणि कचेरीनं तिचं गाणंच बंद केलं. एक न्हाय, सगळं. मला स्वेटरात गुंडाळून ती शेतीचं शिकायला बारामतीला आली. खोली घेतली काटेवाडीला, छबूबाईकडं.

छबूबाईनं मला उलटापालटा केला आणि म्हणली, “अगं बया, चाळणीला भोकंच न्हाईत! कुणी फसिवलं गं तुला?”

पर मित्रांनो, खरी गोम निराळीच व्हती. कचेरी तिकडं राहिली, पण तो सायब गुलनाजच्या गळ्यात बसून हितं आला व्हता. उसात एकटी असली तरी दोन ओळी गायची, मागं बघायची आणि गप व्हायची. मला बोटं लावायची, पण तोंड उघडायची न्हाय. मला धास्ती पडली, की पोरगी मुकी व्हतीया.

तिला एकदाच, उघड्यावर, बायाबाप्यांपुढं एकटीनं गायचं व्हतं. छबूबाईला हे कळलं तवा गावातल्या दूध संस्थेचा वाढदिस जवळ आलेला. गुलनाजनं इचारलं, “आजी, परवानगीचा कागद कुठं मिळतो?”

“गाईच्या कानाला बिल्ला लागतो पोरी, गाण्याला न्हाय. वाढदिसाला चार वाजता मंडपात ये.”

त्या दिशी चारला मंडप भरला. संस्थेचे चेअरमन संभाजीराव मनाचे दिलदार, पण माईक हातात आला की गुळाला मुंगळा चिकटावा तसे चिकटायचे. आधी सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. गुलनाजला तीन शाली आणि पाच नारळ. पाव्हण्यांचं भाषण, मग त्या भाषणावर संभाजीरावांचं भाषण. तिकडं तोंड दाबून गप केलं, हितं हार घालून!

शेवटी पावणेसहाला ते म्हणले, “आता इराणच्या प्रसिद्ध गायिका—” आणि समोरचा मंडप उठला. धारेची वेळ झाली व्हती! गाय काय कुणाचं भाषण ऐकून थांबती व्हय? पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या. गुलनाज खाली मान घालून मला पिशवीत कोंबाय लागली.

छबूबाईनं तिचा हात धरला. “रडायला येळ न्हाय. माणसं धार काढून कुठं येणार? डेअरीवर. रांग सोडून जाईल त्याचा नंबर जाईल. चल!”

डेअरीवर पन्नास किटल्यांची रांग. आत सेक्रेटरी जोतीराम दुधातलं फॅट मोजायचं मशीन घेऊन बसलेला. छबूबाईनं गुलनाजला एका उलट्या क्रेटवर उभी केली. तिची बोटं माझ्यावर पडली, कड्या झणझणल्या, पन्नास माना वळल्या. तिनं तोंड उघडलं. आवाज न्हाय! सायबानं आतून गळा धरलेला. मी वाजतोय, वाजतोय, आणि वर सगळं सामसूम.

रांगेतनं एक आबा वराडले, “ए पोरी, गा की लवकर! दूध नासंल!”

गुलनाजला खुदकन हसू आलं. हसल्यावर गळा सुटला, आणि गाणं असं निघालं जसं पाटाचं दार उघडावं. ओठ, केस, मिठी, सगळं सगळं! कुणाला एक शब्द कळला न्हाय, पण किटल्या खाली ठिवल्या गेल्या. आपली किटली घेऊन रांगेत उभ्या संभाजीरावांना तर भरून आलं. तेबी डोळं मिटून मागनं “आऽऽ” करत सुरात सूर मिळवाय लागले. गड्याचा आवाज कानावर पडला तशी गुलनाज चपापली. माझ्यावरची बोटं थांबली.

“चेअरमनसाहेब!” छबूबाई कडाडली. “दोन तास तुमी एकटं बोलला, आमी मदी आलो का? आता तिला एकटीला गाऊ द्या!”

रांग खळखळून हसली. संभाजीरावांनी लाजून तोंडावर टोपी धरली. आणि गुलनाजनं ते गाणं शेवटच्या ओळीपतूर एकटीनं म्हणलं.

त्या सांजेला झाडून सगळ्यांच्या दुधाला एक पॉइंट फॅट जादा लागलं. जोतीरामनं मशीन तीनदा पुसून बघितलं. ज्याला पटत न्हाय त्यानं काटेवाडीत येऊन म्हशींना इचारावं.

आता गुलनाज देशोदेशी गाती. तिच्याकडं नवा डफ हाय. मला तिनं छबूबाईला आठवण म्हणून दिला, आणि छबूबाई मला पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठिवती. कातड्याला एक चीर गेलीया. कधी पिठाचा हात लागून कड्या वाजल्या, की ती घडीभर थांबती आणि कान देती. तेवढ्यावर माझं भागतं.

मित्रांनो, घरात असं जुनं वाद्य असंल तर त्याला ओल लागू देऊ नका, अधनंमधनं ऊन दाखवा. आणि समोर कुणाचा गळा दाटला तर घाईनं आपला सूर लावू नका. किटली खाली ठिवा आणि गपगार उभं राहा. दूध एवढ्यात नासत न्हाय.