बिनअंड्याचा वास

"लीलाकाकू, तुम्ही जन्मात कधी अंडं खाल्लं नाही, मग त्याचा वास कसा असतो हे तुम्हाला कसं माहीत?"

तोंड तन्वीचं होतं, आवाजही तिचाच, आणि चांगला खणखणीत. प्रश्न मात्र तिच्या वर्गातल्या हर्षिता आणि गरिमाचा. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघींनी तिला डिवचलं होतं. "हिम्मत है तो पूछ के दिखा," हर्षिता म्हणाली होती. "नाही तर बस, शाळेत शेरनी आणि मंडळात बकरी!"

हर्षिताचं काय जातंय म्हणायला. किल्ल्यापाशी, किला गेटला तिचं घर, पूर्वज फौजेतले. रविवारी मटण शिजलं की त्याचा वास अख्ख्या गल्लीत मिरवून यायचा, आणि कोणी त्याला हटकत नसे. हटकलं कोणाला, तर तन्वीच्या कुकीजना. ज्यांत अंडं नव्हतंच.

लीलाकाकू म्हणजे या हिंदी मुलखातल्या शहरातल्या मराठी भगिनी मंडळाच्या अध्यक्ष. मंडळ स्थापन झालं तेव्हाही त्याच होत्या. तन्वीला तर वाटे, त्याच्याही आधीपासून असाव्यात. मंडळाच्या आनंदमेळ्यात यंदा तन्वीला कुकीजचा स्टॉल लावायचा होता. नमुन्याचा डबा काकूंकडे गेला आणि तसाच परत आला. सोबत निरोप: 'अंड्याचा वास येतो.' खुलासा करायला म्हणून आई-बाबा आज तिला सिटी सेंटर भागात, काकूंच्या फ्लॅटवर घेऊन आले होते. खुलासा तिने करायचा नव्हता, ऐकून घ्यायचा होता. हे तिला जरा उशिरा कळलं.

तसा स्टॉल ही तन्वीसाठी साधी गोष्ट नव्हती. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला इतकं हळू 'येस मॅम' म्हणायची की हजर असून गैरहजेरी लागायची. मग सुट्टीत कुकीजचा नाद लागला, घरात ओव्हन नाही म्हणून कुकरमध्येच. पहिला घाणा असा निघाला की किल्ल्याच्या तटाची डागडुजी करता आली असती. दुसरा तुपात विरघळून कुकरच्या तळाशी जाऊन बसला. पण अंड्याऐवजी दही किती घालायचं, कुकरमध्ये मीठ किती तापवायचं हे कळत गेलं, कुकीज खुसखुशीत व्हायला लागल्या आणि बाईसाहेबांना कंठ फुटला.

आता त्याच कंठाने काकूंच्या दिवाणखान्यात तो प्रश्न विचारला होता. आईने, म्हणजे विमलने, सोफ्याच्या आडून लेकीला चिमटा काढला.

"अगं, खाऊनच कळायला हवं का?" काकू म्हणाल्या. "नाकालाही संस्कार असतात."

तन्वीने पिशवीतून इवलीशी बाटली काढली, बूच उघडलं आणि पुढे धरली. "हाच का तो वास?"

काकूंनी पदर नाकाला लावला. "हाच! शी, बाई! बाटलीत भरून आणलंस?"

"हा व्हॅनिला इसेन्स आहे, काकू. टोपी बाजारातून आणलाय. हा बघा शाकाहारी हिरवा ठिपका."

"ठिपका काय, कोणीही छापेल. लग्नात केक कापतात ना, तेव्हा हाच वास येतो. केकात अंडं असतं. म्हणजे हा अंड्याचा वास!"

तर्क असा बिनतोड, की गणिताच्या सरांनी मुकाट्याने फळा पुसून घरी जावं.

तन्वी वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा ना. तुम्ही होता तिथे."

रमाकांत होतेच. मैदा त्यांनी चाळला होता, कुकरची शिटी आणि रिंग त्यांनी काढून दिली होती, आणि 'चव बघतो' म्हणत अर्धं ताट त्यांनीच फस्त केलं होतं. पण गेल्याच महिन्यात लीलाकाकूंनी त्यांना आनंदमेळ्याचे मुख्य व्यवस्थापक नेमलं होतं. रमाकांतांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर... लीलाताईंचा अनुभव दांडगा आहे."

"अंड्यांचा?"

"तन्वी!" आई.

काकूंनी मोठ्या मनाने तोडगा काढला. "हे बघ पोरी, वेलची घाल. वेलचीचा वास आला की आमची काही हरकत नाही."

"म्हणजे अंडं असलं तरी चालेल, वास तेवढा वेलचीचा हवा?"

"विमल, मुलगी फार बोलायला लागलीय हो."

"दहावीचं टेन्शन, लीलाताई, दुसरं काही नाही," विमल म्हणाली आणि चहाचा कप न संपवताच उठली.

परतताना गाडीत आई एकदम खुशीत. "मिटलं एकदाचं! वेलची तर घरातच आहे. उद्याच कुटून ठेवते."

"बेटा, चार लोकांत राहायचं म्हणजे थोडं ॲडजस्ट करावं लागतं," बाबा आरशात बघून म्हणाले. "वेलची काय, व्हॅनिला काय, कुकी तर तीच ना?"

तन्वीच्या फोनवर हर्षिताचा मेसेज चमकला, 'पूछा क्या??' तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. तिच्या डोक्यात मेळा दिसत होता: वेलचीच्या कुकीज, आणि त्या खाणाऱ्या साऱ्या काकू-मावश्या एकमेकींना सांगताहेत, 'बघ, आता काढलं हो अंडं! आधी घालत होती म्हणे.' म्हणजे न घातलेलं अंडं तिने घातलं होतं, हे वेलची घातली की कायमचं सिद्ध. आणि जो माणूस शपथेवर सांगू शकत होता, तो बंद पंखा बघत होता.

घर आलं. बाबांनी गाडी बंद केली, पण तन्वी उतरली नाही.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय," ती म्हणाली, हजेरीच्या नव्हे, आजच्या आवाजात. "स्टॉल लावणार. व्हॅनिलाच्याच कुकीजचा. वेलची आई तू चहात घाल. आणि बाबा, स्टॉलवर माझ्या शेजारी तुम्ही बसायचं. 'यात अंडं आहे का हो' असं कोणीही विचारलं, लीलाकाकूंनी विचारलं तरी, मी तोंड उघडणार नाही. उत्तर तुम्ही द्यायचं. मोठ्याने."