वजन वाढवणारी पुडी

१९८२ च्या उन्हाळ्यात समुद्रपूरच्या आठवडी बाजारात सगळ्यात मोठी गर्दी असायची ती एका वजनकाट्याभोवती. काट्यामागे भगव्या कफनीतला प्रेमदासबाबा ओरडायचा, "एकशे आठ जडीबुटी, सीधी हिमालयातून! इंग्रजी दवाईचा कण नाई! माह्यावर नका भरवसा ठेवू, काट्यावर ठेवा!"

लोक महिनाभर त्याची पुडी खाऊन पुन्हा काट्यावर चढत आणि वजन खरोखर वाढलेलं असे. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. शाळेतली वजनं नेऊन मी काटा तपासला, तो चोख निघाला. बाबानं सगळ्यांदेखत मला नमस्कार केला.

माझी जुनी विद्यार्थिनी रुख्मिणी फार बारीक होती. त्यापायी दोनदा तिची सोयरीक मोडली. मग वडील रूपरावांनी तिला पुडी सुरू केली. तीन महिन्यांनी ते मला कौतुकानं घरी घेऊन गेले.

"पाहा गुरुजी, कशी भरली माही पोर!"

चेहरा गोल गरगरीत झाला होता. दंड मात्र पहिल्यासारखेच काटकुळे होते.

"गुरुजी, तोरड्या पायात रुतून राह्यल्या," ती हळूच म्हणाली.

"नडगीवर अंगठा दाब बरं."

तिनं दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"रूपराव, हे मांस नाही, अंगात साठलेलं पाणी आहे. पुडी आजच बंद करा."

त्यांनी माझं ऐकलं. शाळेत मी ही गोष्ट छाती फुगवून सांगितली.

पाचव्या दिवशी रुख्मिणीला उलट्या सुरू झाल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. डॉक्टरीणबाईंनी उरलेली पुडी तपासायला पाठवली आणि विचारलं, "ही एकदम कोणी बंद केली?"

"मी," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "यात चण्याचं पीठ, साखर आणि स्टेरॉइडच्या कुटलेल्या गोळ्या असणार. त्यानं भूक वाढते, पाणी साठतं, तोंड सुजतं. पण शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवणं सोडून देतं. म्हणून या गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेततं, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात."

तपासणीत तेच निघालं. तोवर रुख्मिणी गेली होती.

तपासणीचा कागद घेऊन मी औषधांच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "पाकिटावर 'पौष्टिक आहार' लिहिलंय. औषध असतं तर आम्ही पाहिलं असतं." अन्नभेसळीच्या कचेरीत ऐकलं, "आत गोळ्या आहेत ना? मग हे औषधवाल्यांचं काम." वर्षभर मी या दोन दारांमध्ये फिरलो.

इकडे बाजारात बाबा सांगत होता, "रूपरावच्या पोरीनं पुडी अर्ध्यातच सोडली. काय झालं, पाह्यलं ना?" आणि लोक दोन-दोन पुड्या घेत होते. मी कागद वाचून दाखवायला उभा राहिलो, तर एक बाई म्हणाली, "तुमीच तं बंद कराले लावली, गुरुजी. आता काऊन बोलता?"

मी कागद घडी करून खिशात घातला. रूपराव माझ्याशी आजही बोलत नाहीत.

म्हणून हे लिहितो. पुडीत काय घातलंय ते विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा, लिहून मागा. लिहून देत नसेल तर घेऊ नका. आणि घरात कोणाची अशी पुडी चालू असेल, तर माझ्यासारखी घाई करू नका. ती पुडी आणि ते माणूस, दोघांनाही त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्या.