अदबीचा इशारा

मंजुषाने लिहिलेला इशारा एवढाच होता: ‘थांबा. खत जास्त आहे. झाडं जळतील.’

गंगापूर रोडवरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांसाठी ॲप काढलं होतं. मोबाइलवर आकडा टाकला की ठिबकच्या नळीतून तेवढं खत सुटायचं. कुणी चुकीचा आकडा टाकलाच तर त्याला अडवणारा मजकूर लिहिणं, हे मंजुषाचं काम.

“‘जळतील’ फार नकारात्मक वाटतं,” तिचे वरिष्ठ, स्वराज सर म्हणाले. “आणि ‘थांबा’ काय? ग्राहकाला हुकूम सोडतो का आपण?”

तीन बैठका झाल्या, दोनदा समोसे आले आणि इशारा सुसंस्कृत झाला: ‘आदरणीय ग्राहक, आपण निवडलेली मात्रा शिफारशीपेक्षा अधिक असण्याची शक्यता आहे. आपण पुढे जाऊ इच्छिता का?’ खाली ठसठशीत हिरवं ‘होय’. शेजारी करडं ‘नाही’, शोधणाऱ्याला सापडेल असं.

“सर, हे कुणाला कळणार नाही.”

“मग तुझ्या वडिलांवरच चाचणी घेऊ.”

मखमलाबादला तिच्या वडिलांचे, सावळीरामांचे, दहा गुंठे गुलाब होते. लग्नसराई तोंडावर होती, झाडं कळ्यांनी वाकली होती. चाचणीच्या पाचव्या दिवशी त्यांनी चष्म्याशिवाय पाचाच्या जागी पन्नास टाकले. इशारा आला. मग मात्र चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि ‘होय’ दाबलं.

चार दिवसांत पानं कडेने करपली, कळ्यांनी माना टाकल्या. मंजुषा मळ्यात पोचली तेव्हा आई, कलाबाई, बांधावर बसून होती.

“अण्णा, ‘होय’ का दाबलं?”

“अगं, आदरणीय म्हणला मला. तीस वर्सं मार्केटात फुलं विकतोय, अरे-तुरेच्या वर कुणी गेलं नाय. इतक्या अदबीनं विचारतोय, त्याच्या तोंडावर नाय कसं म्हणायचं?” त्यांनी एक कळी चिमटीत धरली, ती गळून हातात आली. “आन् लिहिणारी तू. म्हणलं, पोरगी भल्याचंच विचारत आसंल.”

सोमवारच्या बैठकीत गुलाब ‘वापरकर्त्याची चूक’ या रकान्यात गेले. पुढच्या पानावर चाचणीचा निकाल होता. ‘कृपया सांगाल का, हा संदेश आपल्याला कसा वाटला?’ या प्रश्नाला चाचणीतल्या एकमेव ग्राहकाने ‘होय’ दाबल्या दाबल्या पाचपैकी पाच तारे दिले होते.

“बघ, तुझ्या वडिलांना आवडला,” सर म्हणाले. “आता सगळे इशारे असेच.”

टाळ्या वाजल्या. मंजुषानेही वाजवल्या. त्या प्रश्नातलं ‘कृपया’ तिचंच होतं.