जागा धरणारी खुर्ची

बसा ना. तुमची बस यायला अजून वेळ आहे. इकडेतिकडे काय बघताय? मी बोलतेय, तुमच्या खालची खुर्ची. घाबरू नका, पाय आता पक्का आहे. या थांब्यावर नुसता खांब होता, बाकडं कधीच नव्हतं. मग मी इथे कशी आले? समोरच्या निळ्या दाराच्या घरापासून इथपर्यंत यायला फक्त रस्ता ओलांडायचा, पण माझं त्यात अर्धं आयुष्य गेलं.

आम्ही चौघी बहिणी एका सुताराच्या हातून घडलो. सुतार मोजकं बोलायचा. माझी पाठ रंध्याने गुळगुळीत करताना तो म्हणाला होता, "माणूस उठला की खुर्चीने हळूच मागे सरावं. आडवं पडू नये आणि आडवंही येऊ नये." हे शेवटचं मला तेव्हा कळलं नाही. खुर्ची कशाला कुणाच्या आडवी येईल?

निळ्या दाराच्या घरात आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती असायचो. घर काकूंचं. त्यांना सगळी गल्ली काकूच म्हणते. त्यांची एकुलती एक लेक छकुली माझ्यावर बसून अभ्यास करायची, एक पाय दुमडून, दुसरा हलवत. गणित अडलं की माझ्या कडेवर नखाने रेघा ओढायची. हात लावून बघा, उजवीकडे अजून आहेत.

पुढे काका गेले, छकुलीचं लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि काकूंनी वरची खोली भाड्याने द्यायला सुरुवात केली. जावई भला माणूस, पण जेवण झालं की मागे रेलून दोन पायांवर झुलायची त्याला सवय. एकदा तो झुलला आणि माझा मागचा पाय तडकला. तो ओशाळला. काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो, जुनीच होती." जावयाचं वजन कोण काढणार? मी परसात गेले.

त्यानंतरच्या एका रविवारी लेक-जावई जेवायला यायचे होते. ताटं मांडून झाली होती. गाडी गल्लीत आली, दारावरून गेली, वळसा घालून पुन्हा आली, पुन्हा गेली. लावायला कुठे फटसुद्धा नव्हती. काकू खिडकीतून हात करत होत्या, गाडीतून छकुलीही हात करत होती. मग गाडी गेली ती आलीच नाही. फोन आला, जागाच मिळाली नाही, पुन्हा कधीतरी.

काकूंच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परसातून ओढत आणलं, घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि वाऱ्याने पडू नये म्हणून माझ्यावर एक वीट ठेवली. कुणी विचारलं की सांगायच्या, "जावयासाठी जागा धरलीय. आमच्या लेकीला गाडी लागते ना." आवाजात अभिमान असा, की विचारणारा गप्पच व्हायचा.

खुर्ची मिळवण्यासाठी माणसं काय काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. माझं उलट झालं. मी खुर्ची असून मला बसायला रस्ता मिळाला, आणि तो माझा नव्हता. गाड्या हळू व्हायच्या, काचा खाली यायच्या, "कुणाची आहे ही?" असं कुणीतरी चिडून विचारायचं आणि पुढे निघून जायचं. कुणाला औषध घेऊन आईकडे जायचं असेल, कुणाला नुसतं सामान उतरवायचं असेल. मी तोंडातून शब्द न काढता सगळ्यांना नाही म्हणत होते. आणि त्या दिवसांत लेक-जावई एकदाही फिरकले नाहीत.

एक आजोबा रोज या खांबाला टेकून बसची वाट बघायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझी मान असती तर खाली गेली असती. माणूस उभा होता आणि वीट बसली होती.

अशात वरची खोली रिकामी झाली. काकूंनी दारावर पाटी लावली: खोली भाड्याने, बस समोर, पार्किंग आहे. ते पार्किंग म्हणजे मी. काकूंना ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळे फोनवरचं बोलणं त्या दारात उभ्या राहून मोठ्याने ऐकतात आणि गल्लीलाही ऐकवतात. एका बाईचा फोन आला.

"गाडी लावायला जागा आहे का?"

"अगदी दारात."

"आणि गाडी जवळ आहे का हो?"

"तुमची गाडी कुठे आहे ते मला काय माहीत?"

"तशी नाही, बस. मला कामाला जायला."

"बस होय? समोरच थांबते. मग गाडी कशाला?"

"ती यांची. यांना गाडी लागते, मला बस."

"असू दे की. आमच्या लेकीलाही गाडी लागते."

पलीकडून आवाज एकदम मऊ झाला. "अगंबाई. मग निघताना आल्याचा तुकडा देत जा चघळायला."

"तशी नाही लागत," काकू म्हणाल्या आणि खोली बघायला यायची वेळ सांगून फोन ठेवून दिला. पण गाडीवाली माणसं म्हणून मनातून खूश होत्या.

ठरल्या वेळी काकूंनी स्वतः वीट उचलली, मला भिंतीशी घेतलं आणि ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. तीन चाकांची पायगाडी, वर कापडी छत, छताखाली शिवणयंत्र, बाजूला दोऱ्यांच्या रिळांची माळ आणि एक फळी: चेन बसवून मिळेल, उंची कमी करून मिळेल. पुढे टेलर पायडल मारत होता, मागून त्याची बायको ढकलत होती. येऊन थांबले ते बरोबर माझ्या जागेवर.

काकूंनी त्यांच्या मागे पाहिलं. "गाडी कुठे आहे?"

"ही काय," टेलर म्हणाला.

मग बायकोच बोलू लागली. तिला टेलर सोडून सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते, सकाळची पहिली बस तिला धरावी लागते. टेलर गाडी घेऊन वस्त्यावस्त्यांतून फिरतो. दोघं किती दिवस घर शोधत होते हे ती सांगत बसली नाही, कसं शोधलं ते सांगितलं. जिथे गाडीला अंगण होतं तिथून बसला जायचं तर निम्मं शहर तुडवावं लागे. जिथे बस दारात होती तिथे मालक म्हणे, गाडा आणून गल्लीची शोभा घालवू नका. आणि जिथे दोन्ही होतं तिथे भाडं असं की दोघांची कमाई त्यातच संपावी. एकाने तर साफ सांगितलं, खोली घ्या, गाडी विका.

"गाडी विकून मशीन काय पोटावर बांधून फिरू?" टेलर म्हणाला. मग भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "ही जागा तुमचीच ना पण?"

"मी धरलीय."

"म्हणजे रस्त्याची."

"रस्त्याचीच. पण खुर्ची माझी आहे."

टेलरला हसू आलं, वहिनीने कोपराने ढोसून ते आत ढकललं. शेवटी काकूंनी हो म्हटलं, पण एका अटीवर. जावई आले की गाडी हलवायची. आणि खरीखुरी गाडी असलेला भाडेकरू मिळाला, की मग बघू.

टेलर फेरीवर गेला की वीट आणि मी जागेवर. तो आला की आम्ही भिंतीशी. एका दुपारी त्याने मला उलटं केलं, पायात सरस भरला आणि बॅगांना लावतात तो जाड पट्टा घट्ट गुंडाळला. वेताची फाटलेली बैठक काढून त्याच पट्ट्यांची नवी विणली. "गिऱ्हाइकाला बसायला होईल," तो म्हणाला. काकू खिडकीतून ओरडल्या, "तिच्यावर कुणाला बसवू नका. मग जागा कोण धरणार?"

आणि मग जावयाचा फोन आला. रविवारी जेवायला येतो.

त्या सकाळी काकू पहाटेपासून घाईत. टेलरने गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावर उभी केली तर तिथल्या रखवालदाराने हाकललं. पुढच्या गल्लीत तर बोट शिरायलाही जागा नव्हती. तो फेऱ्या मारू लागला. दारावरून जाताना वहिनीने त्याला पाण्याची बाटली दिली आणि हळूच म्हणाली, "दर वेळी असंच व्हायचं असेल तर विकलेली बरी. त्या माणसाला आज संध्याकाळी हो सांगून टाकते." जुनी यंत्रं घेणारा एक जण दोनदा विचारून गेला होता, हे मी ऐकलं होतं. टेलरने पाणी पिऊन बाटली परत दिली. पुन्हा पायडल मारत निघाला.

काकू खिडकीत, डोळे गल्लीच्या तोंडाकडे. गाडी काही येईना. तेवढ्यात समोर बस थांबली. बस हलली तेव्हा या खांबाशी छकुली उभी होती, हाताला तिची मुलगी. काकूंचं लक्षच नव्हतं.

छकुली रस्ता ओलांडून आली आणि माझ्यासमोर थबकली. "अगं, ही माझी खुर्ची." तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं, रेघा सापडल्या. मग वीट उचलून खाली ठेवली, मुलीला मांडीवर घेतलं आणि रस्त्यातच बसली. किती काळाने माझ्यावर माणूस बसलं होतं. तिला लागलीच जुनी सवय आठवली, एक पाय हलायला लागला.

काकू धावत बाहेर आल्या. "रस्त्यात काय बसलीस? आणि जावईबापू? गाडी कुठे आहे?"

"त्यांना ऐनवेळी काम निघालं. आम्ही बसने आलो."

"बसने? अगं तुला गाडी लागते."

"लागते ना," छकुली म्हणाली. "म्हणून तर येत नव्हते."

वहिनी दारातच होती. तिने तोंडाला पदर लावला. काकूंना कळायला जरा वेळ लागला.

मग छकुलीने सगळं सांगितलं. बंद काचांच्या गाडीत तिला आधीपासूनच मळमळायचं. त्या रविवारी जागा शोधत वळशावर वळसे घेतल्यावर तर तिचं डोकं गरगरायला लागलं. "परत चला, असं मीच म्हटलं यांना. तुझ्या दारात उतरून ओकायचं होतं का? हे बिचारे मुकाट्याने बोल लावून घेऊन बसले."

"मग बसने यायचं. बसमध्ये नाही का होत?"

"खिडकीशी बसलं की काही होत नाही. पण बसने आले असते तर तुला वाटलं असतं, माझं काहीतरी बिनसलं. तू गल्लीभर सांगत होतीस, लेकीला गाडी लागते म्हणून. किती कौतुकाने सांगायचीस."

काकू खाली ठेवलेल्या विटेकडे बघत राहिल्या. "मग एवढे दिवस मी ही जागा कुणासाठी धरली?"

तेवढ्यात घंटी वाजली. टेलर आणखी एक फेरी मारून येत होता, घामाने भिजलेला. आपण तिकडे बघतच नाही असं दाखवत तो पुढे जाऊ लागला.

"अहो टेलर," काकूंनी हाक मारली. "पृथ्वीप्रदक्षिणा पुरे झाली. लावा इथे."

"आणि जावईबापू आले तर?"

"त्यांना बस समोरच थांबते," काकू म्हणाल्या.

छकुली उठली. मी हळूच मागे सरले, सुताराने शिकवलं होतं तसं. गाडी जागेवर आली. संध्याकाळी तो यंत्रं घेणारा माणूस आला, तेव्हा वहिनीने त्याच्या पिशवीची तुटलेली चेन टेलरकडून बसवून दिली आणि त्याला वाटेला लावलं.

निघताना छकुलीने मला उचलून इथे आणून ठेवलं. काकू आधी म्हणाल्या, चोरीला जाईल. मग स्वतःच म्हणाल्या, जाऊ दे, जिथे जाईल तिथे कुणीतरी बसेलच. वीट आता निळ्या दाराला लावलेली असते, ते उघडं राहावं म्हणून. पाटीवरचं 'पार्किंग आहे' काकूंनी खरवडून टाकलं. सगळं गोडीगुलाबीने चालतं असं समजू नका. टेलर परत येतो तेव्हा कधी कधी कुणाची तरी गाडी तिथे लागलेली असते. मग तो पुटपुटतो आणि ती निघेपर्यंत अर्धी गाडी दाराच्या आत घेऊन काम करतो. पण रस्त्याला मी आता नाही म्हणत नाही. सकाळी वहिनी माझ्यावर बसून पहिल्या बसची वाट बघते. रविवारी काकू बसतात. कुठे निघालात असं कुणी विचारलं तर म्हणतात, कुठे नाही, लेक यायचीय.

रस्त्याच्या या दोन काठांवर राहून मला एक गोष्ट पटलीय आणि ती मी प्रत्येकाला सांगते. ज्याला झेपेल अशी एक खोली हवी, पोटापाण्याचं साधन लावायला हातभर जागा हवी आणि कामाला जायला बस हवी, तो माणूस चंद्र मागत नाही. शहर एवढं मोठं बांधलंत, तर एवढं त्यात मावायलाच हवं. मावत नाही ते शहर लहान आहे म्हणून नाही. ठिकठिकाणी आम्ही विटा घेऊन बसलोय म्हणून.

ती बघा, तुमची गाडी आली. सावकाश उठा, मी मागे सरते. आणि बसमध्येही शेजारी पिशवी ठेवून जागा धरू नका. खांबाला टेकून ते आजोबा उभे आहेत ना, त्यांना जाता जाता नुसतं म्हणा, बसा.