गाडी लावून ये

खंडेनवमीच्या सकाळी राजाजीनगरातल्या त्या घरापुढे गाडीची पूजा झाली. सात माणसं मावणारी पांढरी गाडी. तिला झेंडूची माळ घातली, पुढे हळदकुंकवाची बोटं ओढली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. अंबुबाईंनी ओवाळलं, संग्रामनं कोहळा फोडला. मग अंबुबाईंनी घरातल्या लेकीसुनांना कुंकू लावलं, म्हणजे धाकट्या सुनेला, सोनमला लावलं. थोरली सून सौम्या गाडीच्या पलीकडच्या बाजूला काच पुसत होती. दोन वर्षांमागे तिचा नवरा रणवीर डेंग्यूनं गेला, तेव्हापासून अशा वेळी पुसण्यासारखं काहीतरी ती शोधून ठेवत असे.

गाडीला कुंकू लागलं आणि गाडी चालवणारीला लागलं नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडीचा नवरा हयात आहे की नाही, याची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

गाडी सौम्याच चालवी. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ती यंत्रांचे सुटे भाग तपासायची, आणि रोज सकाळी त्या सगळ्या ट्रॅफिकमधून गाडी घेऊन वेळेवर पोचायची. धाकटा दीर संग्राम याच्याकडेही लायसन्स होतं. ते तो फार जपून वापरी. वर्षातून एकदा, ओळखपत्र म्हणून.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सगळ्यांनी मिळून निघायचं ठरलं होतं. वाटेत देवनहळ्ळीचा किल्ला, पुढे चिक्कबळ्ळापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातलं सरस्वतीचं देऊळ, आणि येताना नंदी गावातलं जुनं शिवमंदिर. मुख्य काम सरस्वतीकडे होतं. सौम्याची चार वर्षांची स्मृती, तिचा अक्षराभ्यास. पोर आईच्या मांडीवर बसतं, आई त्याचं बोट धरते, आणि ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर उमटतं. एवढाच विधी. या भागातल्या सगळ्यांचा, आणि तीनेकशे वर्षं इथं राहून आपल्या मराठी घरांचाही झालेला.

दोन वर्षांत सौम्यानं घरात काही मागितलं नव्हतं. संक्रांतीला ती कारखान्यात जादा पाळी घ्यायची, गौरींच्या वेळी तिचं डोकं दुखायचं. हे सगळ्यांना इतकं सोयीचं होतं, की औषध कुणी विचारलं नाही. या खेपेला मात्र दसऱ्याच्या चार दिवस आधी तिनं मागितलं. स्मृतीला मांडीवर मी घेणार, म्हणाली.

अंबुबाई शेंगा निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "नाही. सवाष्णीनं बसायचं असतं. तुला वाईट वाटंल, पण मला पटत नाही ते पटत नाही."

सौम्यानं मग सासऱ्यांना विचारलं. नागोजीराव म्हणजे पुढारलेला माणूस. सभेत, लग्नात, बारशात, जिथं चार माणसं आणि एक खुर्ची असेल तिथं ते विधवांना मान द्यावा यावर बोलत, आणि चांगलं बोलत. सरकारी खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली, पण त्यांच्या टेबलावरून नकार घेऊन कुणी गेला नाही. जो तो 'उद्या या' घेऊन गेला.

"तूच बसशील," नागोजीराव म्हणाले. "मी आहे ना. तुझ्या आत्तींचं मी बघतो." सासूला सौम्या आत्ती म्हणे.

सौम्यानं खंडेनवमीच्या रात्री रणवीरनं घेतलेली आमसुली साडी इस्त्री करून ठेवली. स्मृतीला तिनं चारदा समजावलं, की तांदळात बोट कसं दाबायचं, नख कसं लागू द्यायचं नाही. स्मृतीनं चारही वेळा विचारलं, अम्मा, तू मागं बसणार ना? सौम्यानं चारही वेळा हो म्हटलं.

सकाळी सातला गाडी निघाली. पुढे नागोजीराव, मधे अंबुबाई, सोनम आणि स्मृती, मागे संग्राम आणि तानूअक्का. तानूअक्का नागोजीरावांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तरीची. सव्विसाव्या वर्षी नवरा गेल्यावर भावाकडे आली ती आलीच. कर्नाटकातली बहुतेक तीर्थक्षेत्रं तिची झालेली होती. कुठल्या देवळाच्या गाडीतळावर सावली आहे आणि कुठल्या नाही, हे तिला विचारावं.

देवनहळ्ळीला किल्ल्याच्या दारात नागोजीरावांनी इतिहास सांगितला. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात कसे आले ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीच थोडा घोड्यावर बसे. आपल्या बायका तेव्हा लगाम हातात घेत, परंपरा अशी आहे आपली, असं ते म्हणाले. सौम्या त्या वेळी दोन बसच्या मधून गाडी मागे घेत होती, त्यामुळे तिला नीट ऐकू आलं नाही. सोनमनं किल्ल्यापुढे सगळ्यांचा एक फोटो काढला. ती पुण्याची, सौम्याला ताई म्हणायची, मनानं वाईट नव्हती. पण आज सकाळपासून ती ताईच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. सौम्याला वाटलं, गाडी लागली असेल.

दहाच्या सुमाराला देऊळ आलं. दसरा असल्यामुळे रस्ता गाड्यांनी भरला होता, आणि पोलीस पुढच्यांना हातानं हाकलत होता. देवळाच्या दारात तानूअक्काखेरीज सगळे उतरले. स्मृतीनं आईकडे हात केले. नागोजीरावांनी तिला उचलून घेतलं आणि खिडकीत वाकून म्हणाले, "तू गाडी लावून ये. आम्ही थांबतो. तुझ्याशिवाय सुरू होतंय का ते?"

गाडीतळ म्हणजे कापणी झालेलं नाचणीचं शेत, देवळापासून पाऊण किलोमीटर. सौम्यानं गाडी लावली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, आणि दार उघडलं. तेवढ्यात मागून तानूअक्का कण्हली. गुडघा धरलाय, म्हणाली, जरा चोळून दे.

सौम्यानं गुडघा चोळला. पाच मिनिटं चोळला. अक्कानं पाणी मागितलं, ते दिलं. मग दुसरा गुडघा दुखायला लागला. सौम्या घड्याळाकडे बघत होती, तरी हात थांबवत नव्हती. अक्का त्या हातांकडे बघत होती, आणि आमसुली साडीच्या नव्यानं केलेल्या घडीकडे.

"बस कर," अक्का म्हणाली. "गुडघ्याला काय झालेलं नाही."

सौम्याला कळलं नाही.

"नागूनं सांगितलं मला. अर्धा तास धरून ठेव म्हणाला."

"मामंजींनी?"

अक्कानं पाय खाली घेतले आणि लुगडं सारखं केलं. मग ती बोलली ते सौम्याकडे न बघता बोलली. "माझ्या लेकीच्या लग्नात असाच आला माझ्याकडं. अक्का, भाताकडं जरा बघून ये, तुझ्याशिवाय अक्षता पडतात का, म्हणाला. मी भात बघून आले. अक्षता पडल्या होत्या. पस्तीस वर्षं त्याला विचारलं नाही मी. त्याच्याच घरात खाते. तू जा. पळ."

सौम्या पळाली. नाचणीच्या खुंटांतून, नारळाच्या गाड्यांमधून, साडी हातात धरून पाऊण किलोमीटर पळाली.

देवळाच्या मंडपात पोरांच्या रांगा होत्या. तिसऱ्या रांगेत स्मृती दिसली. ती सोनमच्या मांडीवर होती. पुजारी तिच्यापुढे वाकून कन्नडमध्ये सांगत होता, पुट्टी, अम्माचा हात धर, असा. स्मृती अम्माचा हात धरायला म्हणून दाराकडे वळून बघत होती. तिचं बोट सोनमच्या मुठीत होतं आणि तांदळात 'श्री' उमटलेला होता. संग्राम फोटो काढत होता.

सोनमनं सौम्याला आधी पाहिलं. तिची मूठ सुटली.

अंबुबाईंनी मागे वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आलीस? छान झालं बघ. तू आपणहून सोनमला बस म्हणालीस, बरं केलंस गं. चार दिवस माझ्या जिवाला घोर होता."

"मी कुणाला म्हणाले, आत्ती?"

अंबुबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नागोजीराव छताच्या कारागिरीकडे बघत होते. छत सिमेंटचं होतं.

"तुम्ही मला सांगितलं, ती नको म्हणाली म्हणून," अंबुबाई म्हणाल्या.

"देवापुढं आता हे कशाला," नागोजीराव हळू म्हणाले.

"आणि सोनमला काय सांगितलं?" अंबुबाईंनी विचारलं.

सोनम मान खाली घालून म्हणाली, की ताईंना कळवू नको, त्यांना सरप्राइज आहे, असं बाबा म्हणाले होते. हे बोलताना तिला स्वतःलाच ते किती खोटं वाटत होतं ते दिसत होतं. चार दिवस तिनं ते खरं मानून घेतलं होतं, कारण मानून घेणं सोपं होतं.

पुजाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण घरगुती भांडण कुठल्याही भाषेत कळतं. संकल्पात त्याला सोनमचं नाव आई म्हणून सांगितलेलं होतं. त्यानं दोघी बायकांकडे बघितलं आणि विचारलं, तायी यारु? पोराची आई कोण? देवापुढे बोलायचं नाही, असं आजोबांनी सांगितलेलं असल्यामुळे स्मृती बोलली नाही. तिनं नुसतं बोट केलं.

पुजाऱ्यानं तळव्यानं ताटातले तांदूळ सारखे केले. श्री पुसला गेला. "बन्नी," तो सौम्याला म्हणाला, म्हणजे या. त्यानं शास्त्र काढलं नाही, कपाळाकडे बघितलं नाही, भाषणही केलं नाही. त्याच्यापुढे अजून वीस पोरं बसायची होती.

सोनम उठली. सौम्या बसली. धाप अजून गेलेली नव्हती, त्यामुळे मांडीवरची स्मृती वरखाली होत होती आणि तिला त्याची मजा वाटत होती.

"मला पटत नाही," अंबुबाई स्पष्ट म्हणाल्या. पण त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि त्यांची नजर सुनेवरून निघून पुन्हापुन्हा नवऱ्याकडे जात होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याला आणखी कायकाय 'ती आपणहून म्हणाली' असं सांगत आला असेल, याचा हिशेब त्या मनात लावत असाव्यात.

नागोजीराव तेवढ्यात सावरले होते. "हेच माझं पहिल्यापासूनचं मत," ते शेजारच्या रांगेतल्या कुटुंबालाही ऐकू जाईल असं म्हणाले. "आईचाच मान. संग्राम, हा फोटो नीट घे." आणि ते सौम्याच्या मागे येऊन उभे राहिले. आशीर्वादाचा हात तिच्या डोक्यावर धरला.

"मामंजी, बाजूला व्हा," सौम्या म्हणाली.

नागोजीराव हसले. "अगं, मी तुझ्याच बाजूचा..."

"व्हा बाजूला. मग आम्ही लिहितो."

पुजारी थांबला. संग्रामनं फोन खाली घेतला. नागोजीराव दोन पावलं मागे सरले. मग सौम्यानं लेकीचं बोट धरलं. तांदळात दुसऱ्यांदा श्री उमटला. पहिल्यापेक्षा वाकडा.

बाहेर आल्यावर सगळे गाडीतळाकडे चालत निघाले. गाडीशी पोचल्यावर सौम्यानं किल्ली संग्रामला दाखवली. नंदीपर्यंत मी नेते, म्हणाली, पण तिथं गाडी तुम्ही लावायची, भाऊजी. अक्का आणि मी दारात उतरणार. संग्राम गर्दीचं काहीतरी बोलू लागला. अंबुबाई म्हणाल्या, "लाव की. हात मोडलेत का?" तानूअक्कानं हसू दाबलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

नागोजीराव सौम्याला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावू लागले. दोघींचं मन राखायचं होतं, म्हणाले. घर एक ठेवायचं म्हणजे असं थोडं करावं लागतं. तुझी बाजू मी कधी सोडली नाही, तुला माहीत आहे.

"आत्ती मला नाही म्हणाल्या, ते तोंडावर म्हणाल्या," सौम्या म्हणाली. "त्यांच्याशी मी घरी जाऊन भांडेन. रोज भांडेन, एक दिवस जिंकेन. तुमच्याशी कशी भांडू? तुम्ही हो म्हणाला होता."

अंबुबाईंचं मत बदलायला किती वर्षं लागतील, कोण सांगणार. पण ते मत कुठं राहतं ते ठाऊक आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरात जाऊन त्याला गाठता येतं. नागोजीरावांना गाठायचं कुठं? प्रत्येक सुधारणेला पहिला हात त्यांचाच वर होतो. ही गोष्ट छापून आली, तर ती वाचून पहिली मान त्यांचीच डोलेल, आणि कात्रण कापून ते सौम्यालाच दाखवतील. हात वर करणारे आणि मान डोलावणारे किती, हे रविवारच्या सकाळी प्रत्येकानं आपापल्या घरी मोजावं. गाडी लावायला कोण गेलं आहे, तेही बघावं.

"बरं, माझं चुकलं म्हण," नागोजीराव शेवटी म्हणाले. उदारपणे म्हणाले.

"चुकून झालं असतं, तर मी काही बोलले नसते, मामंजी."

नागोजीरावांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडचा हो ऐकून सौम्याच्या जिवाला दोन वर्षं धीर येत असे. या वेळी तिनं तो ऐकला, आणि तिथंच शेतात सोडून दिला.