नवसाचा टँक

सरांडिसची जीभ जुलैत मेली. आधी ताप आला, तापापाठोपाठ नाक गेलं, नाकापाठोपाठ चव गेली, आणि ताप उतरला तरी त्या दोघांनी काही परत तोंड दाखवलं नाही. दुसरा कोणी असता तर चार जणांपुढे रडगाणं गाऊन मोकळा झाला असता. पण सरांडिसला अख्खं व्होलोस शहर जिभल्या म्हणायचं. व्हेपचे टँक ओढून बघायचे आणि मग कॅमेऱ्यासमोर बसून त्यांची लाज काढायची, यावर त्याचं नाव आणि त्याचं बंदरावरचं दुकान चालत होतं. जिभल्याची जीभच गेली हे सांगणार कुणाला? तो गप्प बसला आणि अंदाजपंचे बोलत राहिला.

टँक म्हणजे आयता घेऊन ओढायचा तो नव्हे. तार आपण गुंडाळायची, कापसाची वात आपण घालायची, रस आपण भरायचा, आणि नाही जमलं तर कपाळही आपणच बडवून घ्यायचं, तसला. असले टँक लेथवर घडवणारे गल्लोगल्ली बसलेत, आणि माझ्यासारखा झुरका जगात कोणी दिला नाही असं प्रत्येकाला वाटतं. सरांडिस त्यांची हवा काढायचा. मागच्याच आठवड्यात थेस्सलोनिकीच्या एकाच्या टँकला तो 'गाढवाच्या मुताची किटली' म्हणाला होता. लोक हसून हसून लोळले आणि पुढे तो टँक कोणी घेतला नाही.

आणि आता पाळी पोलिक्रोनिसने घडवलेल्या टँकची होती. पोलिक्रोनिस त्याचा कुंबारोस. त्याच्या लग्नात नवराबायकोच्या डोक्यावरचे मुकुट सरांडिसने अदलाबदल केले होते, आणि पुढे त्याची पोर मिर्सिनी झाली तेव्हा बाप्तिस्म्यात तिला पाण्यात बुडवून नावही त्यानेच दिलं होतं. सख्ख्या भावाशी माणूस बोलणं टाकू शकतो, कुंबारोसशी टाकता येत नाही.

शनिवारी सकाळी सरांडिस दुकानाचं शटर वर करतोय तोच पोलिक्रोनिसची बायको एवान्थिया आत घुसली. तिच्या गळ्यात तिचा स्वतःचा व्हेप दोरीला लटकत होता. एके काळी ही बाई सिगारेटीवर सिगारेट पेटवायची.

"दुपारी तुला टँक देणार आहे ना तो?" तिने बसायच्या आतच विचारलं.

"देणार आहे."

"भिकार आहे म्हण."

"अगं, अजून बघितला नाही मी!"

"मग न बघता म्हण. तुला काय, तू रोज म्हणतोस." तिने एक झुरका मारला. "सरांडी, ऐक माझं. तू चांगला म्हणालास की तो सिमेंटचा कारखाना सोडून टँकच घडवत बसणार. फोरमनने आज दुपारपर्यंत जबाब मागितलाय, सुट्टीनंतर येणार की नाही येणार. त्याच्या जागेवर दुसरा माणूस टपून बसलाय. आणि आमची पोर, तुझी धर्माची लेक, सप्टेंबरात पात्रा शहरात शिकायला चालली आहे. तिने खायचं काय, टँक?"

"आणि तो खरंच चांगला निघाला तर?"

"तर अजून वाईट. तर तो आयुष्यभर टँकच्याच मागे लागेल." एवढं बोलताना तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आल्याचाच तिला राग आला. "चांगला असला तरी भिकारच म्हणायचं. कुंबारोस आहेस ना? मग एकदा खोटं बोल माझ्यासाठी."

ती गेली. सरांडिस काउंटरमागे बसून राहिला. बाई आपल्याकडे खोटं मागायला आली, आणि आपल्याकडे तर खरंसुद्धा शिल्लक नाही! त्याने एक लिंबू चिरून चाटलं. काही नाही. एक मिरची चावली. तोंड भाजलं, पण चव म्हणून काही नाही. मग दुकानाची पाटी उलटी करून तो निघाला.

बंदराजवळच्या त्सिपुरो दारूच्या अड्ड्यावर मंडळी जमली होती. मंडळी म्हणजे फानूरिस आणि तिलेमाखोस. फानूरिस जहाजावरचा निवृत्त इंजिनवाला, कानाने अर्धा आणि बोलण्याने दीडपट. तिलेमाखोस औषधांच्या दुकानाचा मालक, लोकांना खोकल्याचं औषध देऊन मागच्या दाराशी स्वतः वाफा सोडणारा. दोघंही स्वतःला टँकचे जाणकार समजायचे. पोलिक्रोनिसही येऊन बसला होता. बाटली आली, बाटलीबरोबर भाजलेल्या ऑक्टोपसची ताटली आली. दुसरी बाटली आली की शिंपले येणार, हे सांगावं लागत नव्हतं. पोलिक्रोनिसचा पंधरा ऑगस्टच्या, पानागियाच्या म्हणजे मेरीमातेच्या सणापर्यंतचा उपास चालू होता, त्यामुळे मांस नाही, मासा नाही, तेलसुद्धा नाही. ऑक्टोपसला काटा नसतो म्हणून तो चालत होता, आणि त्सिपुरोबद्दल पानागियाने काही मनाई केल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

पण त्याचा खरा नवस वेगळाच होता. टँकचा शेवटचा घाट लेथवर चढवला त्या दिवशी त्याने पानागियापुढे शब्द दिला होता, की तुझ्या सणापर्यंत धूर किंवा वाफ तोंडाला लावणार नाही, पण हा टँक लागू दे. म्हणजे या गाढवाने आपला टँक स्वतःच ओढून बघितला नव्हता! आधीचे सगळे ओढले, चुकलेले सगळे ओढले, आणि जो जमला असं वाटलं नेमका तेवढाच ओढायचा राहिला.

"सण चार दिवसांवर आलाय, तेवढं थांबायचं की," तिलेमाखोस म्हणाला.

"फोरमन थांबत नाही ना," पोलिक्रोनिस म्हणाला. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. "घे कुंबारे. माझी जीभ मी बांधून ठेवली आहे. आज तुझी ती माझी."

एवान्थिया टेबलाच्या टोकाला हाताची घडी घालून बसली होती आणि सरांडिसवरून नजर हलवत नव्हती.

टँक दिसायला देखणा होता, त्यात वाद नाही. सरांडिसने आटे फिरवून बघितले, लोण्यासारखे फिरले. त्याने तार गुंडाळून बसवली, कापूस विंचरून वात घातली, वातीवर दोन थेंब सोडले. मग रस गळू नये म्हणून खालची कडी मिटली आणि टाकी भरली. भरून झाली की ती कडी उघडायची असते, नाहीतर वर रस आणि खाली वात कोरडी. शेंबडं पोरसुद्धा हे विसरत नाही. पण सरांडिसने मान वर केली तर समोर एवान्थिया, बाजूला पोलिक्रोनिस, दोघंही तोंडाकडे बघतायत. तो कडी विसरला.

पहिला झुरका त्या दोन थेंबांवर निघाला. वाफ चांगली आली. दुसऱ्या झुरक्याला घसा खरवडला. पोलिक्रोनिसचा रस नेहमीच कडक असतो, त्याचाच ठसका असणार, असं म्हणून त्याने तिसरा घेतला. वात आत जळत होती आणि याला पत्ता नव्हता.

काय बोलावं? भिकार म्हणावं तर पोलिक्रोनिस जन्मभर मान खाली घालून सिमेंट उपसणार, तेही न चाखलेल्या झुरक्यापायी. चांगला म्हणावं तर ती बाई. त्याने कुंबारोसच्या तोंडाकडे बघितलं. ओठ आत ओढून बसला होता तो, पोरीच्या निकालाला बसावं तसा. सरांडिसला काही ते बघवलं नाही.

"अरे वा!" तो म्हणाला. "पुढे तंबाखू. मध्ये कॅरॅमल. आणि मागून... मागून हळूच अक्रोड."

"अक्रोड!" पोलिक्रोनिस ओरडला. "रसात अक्रोड आहेच! दुसऱ्या कुठल्या टँकमध्ये लागतच नव्हता!"

"आण इकडे," म्हणत फानूरिसने तोटी शर्टाला पुसली आणि छातीभर ओढलं. त्याचे डोळे पांढरे झाले. घशातून कसलासा आवाज आला, पण बाहेर काही आलं नाही. "कॅरॅमल," तो शेवटी म्हणाला. "थोडं... करपलेलं कॅरॅमल. खरं कॅरॅमल करपलेलंच असतं."

तिलेमाखोसने घेतला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "खोल आहे," तो म्हणाला. "फार खोल. अक्रोडाचं... टरफल येतं शेवटी."

"जुन्या दिवसांची आठवण आली," फानूरिस म्हणाला. बहुधा त्याला जहाजाच्या बॉयलरखोलीत कधीतरी लागलेली आग आठवली असावी.

पोलिक्रोनिस उभा राहिला. त्याचा चेहरा असा फुलला होता की सरांडिसला तिथल्या तिथे टेबलाखाली शिरावंसं वाटलं. पोलिक्रोनिसने फोन काढला. "फोरमन वास्सोसला सांगून टाकतो," तो म्हणाला. "ठेव म्हणावं तुझं सिमेंट तुझ्यापाशी."

एवान्थियाने सरांडिसकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. ती नुसती बघत होती.

"थांब!" सरांडिस किंचाळला. "ठेव तो फोन! मला काही कळलं नाही!"

"काय कळलं नाही?"

"काहीच कळत नाही! चव नाही मला, वास नाही. जुलैपासून नाही. तू त्यात अक्रोड घातलास की शेण, मला दोन्ही सारखंच!"

मग तिलेमाखोसने हळूच विचारलं, "आणि ती गाढवाच्या मुताची किटली?"

"तीही अंदाजानेच."

"अरे, मी परत केला रे तो टँक! मला आवडला होता!"

"पण कॅरॅमल तर यांनाही लागलं," पोलिक्रोनिस म्हणाला. फोन अजून त्याच्या हातातच होता. "फानूरिस? लागलं ना?"

फानूरिसने ऑक्टोपसच्या ताटलीत बघितलं. "आता जिभल्या म्हणाला लागतं, म्हणजे लागतच असणार म्हटलं. मला तर पेटलेली गादी गिळल्यासारखं वाटलं. म्हटलं, नवीन पद्धत असेल."

पोलिक्रोनिसने टँक उचलला, आटे सोडले आणि आत बघितलं. वात कोळसा झाली होती. कडी घट्ट मिटलेली. त्याने कडीवर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"कुंबारे," तो म्हणाला, "कडी."

सरांडिसने कपाळाला हात लावला. या एका चुकीवर त्याने किती जणांना कॅमेऱ्यासमोर धुऊन काढलं असेल!

"भाऊ मानतो रे तुला मी," पोलिक्रोनिस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "जीभ गेली तर जीभ गेली म्हणायचं. मी काय हसलो असतो? हसलो असतो. पण नंतर डॉक्टरकडे नेलं असतं."

"चुकलं," सरांडिस म्हणाला. त्याच्या नाकातून पाणी आलं.

पोलिक्रोनिसने जळकी वात उपटून ताटलीत टाकली, तार साफ केली, नवा कापूस घातला. कापूस जिथे हवा तिथेच बसला. त्याने कडी उघडली. तयार टँक हातात धरला आणि मग त्याला सुचेना, तो द्यायचा कुणाला. स्वतः ओढावा तर नवस. सरांडिसची जीभ मेलेली. बाकीचे दोघं गादी गिळून अक्रोड म्हणणारे. त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि शेवटी टेबलाच्या टोकाकडे.

"माझ्याकडे काय बघतोस?" एवान्थिया म्हणाली.

"तुझ्याशिवाय इथे कोण उरलं आहे?"

"मी भिकारच म्हणणार. आधीच सांगते. सकाळी याला पण तेच म्हणायला सांगून आले होते."

"माहीत आहे. तुझं तोंड काल रात्रीपासून सांगतंय." त्याने टँक पुढे केला. "तू भिकार म्हण. मी सुट्टी संपली की कारखान्यात जाईन, आणि आयुष्यात परत हे नाव काढणार नाही. पानागियाची शपथ."

"अरे, आणखी एक शपथ!" फानूरिस पुटपुटला. तिलेमाखोसने त्याला कोपर मारलं.

एवान्थियाने टँक घेतला. आता तिने करायचं ते एवढंच, एक झुरका घ्यायचा आणि एक शब्द बोलायचा. घर वाचलं, पोरीचं शिक्षण वाचलं, नवरा पगारावर राहिला. सरांडिस मनात म्हणाला, म्हण ग बाई, म्हणून टाक एकदाचं. तिने झुरका घेतला. वाफ तोंडात धरली, सोडली, आणि नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाली,

"भिकार."

पोलिक्रोनिसने मान हलवली. "बरं," तो म्हणाला आणि खाली बसला. त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला, ऑक्टोपसचा एक तुकडा घेतला आणि तो चावत राहिला. तुकडा लवकर संपेना.

एवान्थियाने दुसरा झुरका घेतला.

तिला स्वतःला कळलंच नव्हतं. तिने डोळे मिटून तिसरा घेतला, वाफ नाकाने सोडली आणि तोटीवर जीभ फिरवली. डोळे उघडले तर चौघंही तिच्याकडे टक लावून बघत होते. पोलिक्रोनिसचं चावायचं थांबलं होतं.

"काय?" ती म्हणाली.

"भिकार आहे ना?" सरांडिस म्हणाला.

"भिकार आहे म्हटलं ना मी!"

"मग दे इकडे," म्हणत पोलिक्रोनिसने हात पुढे केला.

एवान्थियाने टँक छातीशी धरला. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग रडवेला झाला, आणि मग तिने नवऱ्याला, त्याच्या लेथला, सरांडिसला आणि फोरमनला अशा काही शिव्या हासडल्या की शेजारच्या टेबलावरचे मासेमारसुद्धा मान वळवून ऐकू लागले. पोलिक्रोनिसचा हात अजून पुढेच होता.

"हा मिळणार नाही," ती म्हणाली. "दुसरा बनव."