गळलेली खूण

आमचे मास्तर खोटं बोलायचे. लग्नाआधीपासून मला ते ठाऊक होतं, त्यामुळे माझी तक्रार नाही. एलेउतेरियो हे त्यांचं नाव फक्त चर्चच्या वहीत. बाकी सगळं यागाल गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणते.

यागालमध्ये बँडशिवाय कुणी बोहल्यावर चढत नाही की मातीत जात नाही. आणि बँडला सारखं नवं काहीतरी लागतं. शेजारच्या गावाने ऐकलेलंच पुन्हा वाजवलं तर लोक तोंडावर हसतात. म्हणून गावसभेनं ठरवलं होतं, मास्तरांनी संताच्या जत्रेला दर वर्षी एक नवी रचना द्यायची, आणि बदल्यात त्यांना तेकियो माफ. तेकियो म्हणजे गावाचं फुकट काम: रस्ता खणा, दगड वाहा, शाळा शाकारा. एकाही पुरुषाची त्यातून सुटका नाही. मास्तर मात्र सुटले होते, वर त्यांचं मक्याचं शेतही गावच करून द्यायचं. आयतोबा म्हणा हवं तर. पण कुदळीनं एकदा बोटं ताठली की ती क्लॅरिनेटच्या भोकांवर बसत नाहीत, हे गावालाही कळत होतं.

मास्तर घाईघाईनं एका कागदावर सगळं खरडायचे, कोंबडी चालून गेल्यासारखं. त्यातून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा काढून, स्वच्छ अक्षरात उतरवायचं काम माझं. माझे वडील चर्चमध्ये गायचे, त्यामुळे अक्षरांच्या आधी मी सुरांच्या खुणा वाचायला शिकले.

माझ्या भाचीच्या, बासिलियाच्या लग्नासाठी मास्तरांनी एक वॉल्ट्झ केला, तीन ठोक्यांची झुलती चाल. नवरी घर सोडते तेव्हा वाजवायचा. त्याच्या तिसऱ्या भागात सूर वर चढत जातो, आता मोकळा होणार असं वाटतं, आणि तिथेच तो अर्ध्या पायरीनं खाली येऊन बसतो. बासिलियाची आई नवऱ्याच्या मातीला रडली नव्हती, ती त्या सुराला ढसाढसा रडली. मग काय! या गावचे कागद त्या गावी, तिथले पुढच्या गावी, असं करत तो वॉल्ट्झ पार समुद्रापर्यंत गेला. डोंगरातले दुसरे मास्तरही आपापल्या वॉल्ट्झमध्ये तसंच खाली उतरायला लागले.

आमचे मास्तर सांगायचे, "आईच्या पेटीवर माती टाकताना हा सूर मला ऐकू आला." लोक डोळे पुसायचे. अहो, त्यांची आई त्या लग्नात बसून तीन वाट्या मोलेचा रस्सा चापत होती! ती त्यानंतर दोन वर्षांनी गेली. ती असताना हा सूर स्वप्नात आला होता, ती गेल्यावर तो मातीतून यायला लागला. हिशेब कोण करतोय?

त्या लग्नाला नऊ वर्षं उलटल्यावर शहरातून एक साहेब डोंगरातली गाणी वहीत उतरवायला आला. पलीकडच्या लाचिरा गावचे बँडमास्तर डॉन ओडिलोन यांनी त्याच्या वहीत हा वॉल्ट्झ स्वतःच्या नावावर लिहवला. बाजारच्या दिवशी खेचरवाल्यानं ही बातमी आणली, आणि संध्याकाळपर्यंत गावात एकच चर्चा: लोकांच्या चालींवर मास्तरनं आपल्याकडून नऊ वर्षं मका पिकवून घेतला की काय? त्यात त्या साली गावचा अध्यक्ष फिदेन्सियो. बेसूर वाजवतो म्हणून मास्तरांनी याच्या हातातला ट्रॉम्बोन सगळ्यांदेखत काढून घेतला होता. आयती संधी कोण सोडतो! त्यानं रविवारी सभा बोलावली.

मास्तरांनी ताटाला हात लावला नाही. "चेंचा, माफी गेली तर इथे आपलं काही नाही. खाली उसाच्या मळ्यावर जायचं. क्लॅरिनेट विकून टाकू."

"क्लॅरिनेटच्या आधी मी ओडिलोनला विकते. जेवा."

"माझ्या हातचा पहिला कागद असता तर दाखवला असता."

"तुम्ही कधी कागद सांभाळलाय?"

नव्हताच सांभाळला. मी सांभाळला होता. पेटीत, माझ्या लग्नातल्या घागऱ्याखाली. पण तो बाहेर काढला की मातीची गोष्ट संपली, आणि ती गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा कसा उजळायचा हे मी सात वर्षं पाहत होते. नाही काढला, तर ऊस. मक्याच्या भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं आणि दोन करपल्या.

रविवारी सभेत तीनशे पुरुष आत, आम्ही बायका दाराशी. डॉन ओडिलोन चार म्हाताऱ्यांना घेऊन आले, हॅट हातात, मेस्काल दारूची बाटली टेबलावर, अगदी रीतसर. त्यांनी आपला कागद ठेवला. "नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहे."

"आमच्याकडे साडेनऊ!" मास्तर म्हणाले. लोक हसले.

"तुमचा कागद कुठाय, मास्तर?" फिदेन्सियोनं विचारलं. मास्तरांनी रिकामे हात दाखवले. "बरं. तो खाली बसणारा सूर कुणाला कसा सुचला, ते तरी सांगा."

ओडिलोन उठले. भूकंपात त्यांच्या चर्चची घंटा तडकली होती म्हणे, तिचाच तो आवाज. त्यांच्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मग आमचे मास्तर उठले आणि त्यांनी आईवर माती टाकली. आमचेही दोनतीन जण मुसमुसले.

"आता घंटा खरी मानायची की आई?" फिदेन्सियो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी सरळ आत घुसले.

"तिया चेंचा, मावशी, ही पुरुषांची सभा आहे," फिदेन्सियोनं अडवलं.

"सभा तुमची, कागद माझा. सरका." मी टेबलावर कागद ठेवला. "डॉन ओडिलोन, हे अक्षर कुणाचं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. दुसरं कुणी इतकं घाण लिहीत नाही. तिसरा भाग, उभ्या रेघांमधलं अकरावं घर. काय दिसतं?"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "इथे 'सी' हा सूर शुद्ध करायची खूण आहे."

"तुमच्या कागदावर आहे?"

"नाही. खूण नाही, म्हणून आमच्यात तो कोमलच आहे. तोच तर तो सूर."

"तर मग ऐका. मास्तरांनी खूण केली होती. मी उतरवून काढत होते, चुलीवर घेवडा उतू गेला, मी उठले, परत येऊन बसले आणि खूण गळली. हा सूर घंटेतून आला नाही आणि सासूबाईंच्या मातीतूनही नाही. घेवड्यातून आला. माझी चूक आहे ती. ज्याच्या ज्याच्या कागदावर ती चूक आहे, त्यानं ती माझ्याच कागदावरून उचलली."

सभा हसत सुटली. ओडिलोननी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आमच्याकडे कागद आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं, तिया. दारात बेवारशी पोर सापडलं तर माणूस आपलंच नाव लावतो. पण आई आली, आता काय बोलणार! शहरात निरोप धाडतो." त्यांनी बाटली उघडली, पहिला थेंब जमिनीला दिला आणि पहिला पेला मास्तरांना.

माफी कायम राहिली. पण फिदेन्सियो गप्प बसेल तर शपथ! "म्हणजे मास्तर, नऊ वर्षं आम्ही घेवड्यासाठी मका पिकवला!" पुन्हा हशा. मास्तरांचे कान लाल झाले होते. मी त्यांचं पोट वाचवलं आणि चारचौघांत नाक कापलं. मला इतकं वाईट वाटलं की घरी जाईपर्यंत मी मान वर केली नाही.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बँडच्या कपाटातून बासिलियाच्या वॉल्ट्झचे सगळे कागद आणले आणि दारात पसरले. दोन क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बॅरिटोन. ती ओळ या पाच जणांकडे होती.

"चेंचा, घेवडा किती वेळा उतू गेला?"

"एकदाच."

"कागद पाच आहेत. पाचांवरही खूण नाही."

मी एक कागद उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हटलं, लपवून आता काय होणार? "मी तुमची ओळ गुणगुणून बघितली होती. त्या खुणेनं सूर उगाच नाटकी व्हायचा. ती काढली आणि बरं वाटलं. मग पाचांवरून काढली."

"मग सभेत चूक झाली असं का सांगितलंस?"

"बाईची चूक झाली म्हटलं की तीनशे पुरुषांना लगेच पटतं. बाईनं मास्तरची ओळ सुधारली म्हटलं असतं, तर एकानंही विश्वास ठेवला नसता आणि आपण आत्ता ऊस तोडत असतो."

ते कागद एकावर एक रचू लागले. आता हा माणूस भडकणार, अशी मी तयारीच केली होती.

"मी पहिल्या तालमीतच ऐकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "हा सूर माझा नव्हे, हे तिथल्या तिथे कळलं. तुला विचारायची लाज वाटली."

"म्हणून जिवंत आईला पुरलंत?"

ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मग ते आत गेले आणि त्या सालच्या जत्रेसाठी लिहायला घेतलेला कागद घेऊन आले. त्यावर वरच्या चार ओळी भरलेल्या होत्या, पुढे नुसती खाडाखोड.

"इथे अडलंय," ते म्हणाले.

मी हात पुसले आणि त्यांना बाजूला सरकायला सांगितलं.